तो टेक आम्ही ठेवला

सेमिस्टरच्या शेवटी आमच्या वर्गात प्रोजेक्टरवर नऊ फिल्म्स लागल्या. प्रत्येक फिल्म दोन मिनिटांची, प्रत्येक थ्रिलर. नऊपैकी सात फिल्म्समध्ये पहिल्या तीस सेकंदांत एक मुलगी रात्रीची एकटी चालत होती. चौघींच्या मागे हुडीवाला होता, दोघींच्या मागे नुसता पावलांचा आवाज, आणि एकीला सारखा अनोळखी नंबरवरून फोन येत होता. पाचव्या फिल्मला मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "अगं बाई, रिक्षा कर ना!" अख्खा वर्ग हसला. मीही हसले. आमची फिल्म सातवी होती.

ही असाइनमेंट कुठून आली ते सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलला मीडिया स्टडीज हा विषय असतो. तिथल्या ओसीआर बोर्डाच्या मुलांना बरीच वर्षं हे काम असायचं: एका नव्या सिनेमाची फक्त सुरुवात बनवायची, टायटल्ससकट, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. त्याआधी सरावाचा एक छोटा तुकडा. एक पात्र दार उघडतं, खोली ओलांडतं, दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीत बसतं आणि दोघं दोन-चार वाक्यं बोलतात. ऐकायला बालवाडी वाटते, पण करून बघा. बाहेरून दार उघडताना उजवा हात आणि आतल्या शॉटमध्ये डावा, हे आमचं पहिल्याच दिवशी झालं. दोन पात्रांमधली रेषा कॅमेऱ्याने ओलांडली की समोरासमोर बसलेली माणसं एकाच भिंतीकडे बघत बसल्यासारखी दिसतात, हेही तेव्हाच कळलं.

आणि सगळ्यात शेवटी सात प्रश्नांचं मूल्यमापन. तुमच्या फिल्मने प्रचलित पद्धती वापरल्या की मोडल्या, प्रेक्षक कोण, ती कोण रिलीज करेल, तंत्राबद्दल काय शिकलात, असे प्रश्न. त्यातला एक प्रश्न असा, की तुमच्या फिल्ममध्ये समाजातले वेगवेगळे गट कसे दाखवले आहेत. सरांनी हे सातही प्रश्न जसेच्या तसे आम्हाला दिले. थ्रिलर ही मात्र त्यांची स्वतःची अट. त्यांचं म्हणणं, लव्ह स्टोरी दिली की तुम्ही सगळे मरीन ड्राइव्हला जाता.

आम्ही पाच जण. मी लिहिणार आणि डिरेक्ट करणार, एक जण कॅमेरा, एक साऊंड, एक हुडीवाला आणि माझी मैत्रीण हिरॉइन. स्क्रिप्ट मी एका रात्रीत लिहिलं. मला ते लिहायला काहीच कल्पनाशक्ती लागली नाही. डोंबिवलीला साडेअकराच्या लोकलने उतरून घरी चालत जाणाऱ्या कुठल्याही मुलीला लागणार नाही. किल्ली बोटांमध्ये धरायची, हेडफोन कानात घालायचे पण गाणं बंद ठेवायचं, बाबांशी बोलतोय असं दाखवत मोठ्याने "हो, आले, कोपऱ्यावरच आहे" म्हणायचं. हे सगळं मी स्क्रिप्टमध्ये टाकलं आणि ग्रुपला म्हटलं, "बघा, किती रिअल आहे." मला वाटलं, माझ्या रोजच्या भीतीचा निदान काहीतरी उपयोग झाला.

नावाचा घोळ वेगळाच. मी 'पाठलाग' ठेवलं होतं. आजीने ऐकलं आणि म्हणाली, अगं, १९६४ साली राजा परांजप्यांनी या नावाचा सिनेमा केलाय, त्याच्यावरूनच तर हिंदीत 'मेरा साया' आला. मग आम्ही नुसतं 'मागे' असं ठेवलं. ते टायटलमध्ये लिहायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाकली की फॉन्टप्रमाणे अक्षरं फुटतात, काना एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे. 'मागे'ला निदान जोडाक्षर नव्हतं. 'दिग्दर्शन' लिहिताना खरा थ्रिलर झाला.

प्लॅनिंग आम्ही मनापासून केलं, हे सांगायला हवं. स्टोरीबोर्डची बावीस चित्रं काढली. रेकी केली, कुठल्या दिव्याखाली चेहरा दिसतो आणि कुठल्या दिव्याखाली फक्त डोकं, हे मोबाईलवर फोटो काढून पाहिलं. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून शटर एक-पन्नासांशवर ठेवायचं, नाहीतर रस्त्यावरचे काही दिवे व्हिडिओत फडफडतात, हे कॅमेरावाल्याने शोधून काढलं. त्याच्या मामेभावाचा कॅमेरा होता आणि त्यासोबत ५५-२५०ची लेन्स. लांबून झूम केलं की मागचं-पुढचं अंतर आटतं, मागून येणारा माणूस आहे त्याहून जवळ वाटतो. दुसरं म्हणजे कॅमेरा लांब असला की आजूबाजूच्या लोकांना शूटिंग चाललंय हे कळत नाही, गर्दी होत नाही. हा मुद्दा आम्ही फायदा म्हणून लिहून ठेवला होता. शॉटलिस्टच्या कागदावर, पेनाने अधोरेखित करून.

रस्त्यावर शूट करायला परवानगी लागते हे आम्हाला माहीत होतं. आम्ही घेतली नाही. पाच पोरं, एक कॅमेरा, दोन तासांचं काम, कोण विचारतंय, असा हिशेब.

पश्चिमेला खाडीच्या बाजूला जाणारा एक रस्ता आहे, तिथे एका नव्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खांबामागे आम्ही ट्रायपॉड लावला. रात्रीचे सव्वादहा. पहिले दोन टेक कुत्र्याने खाल्ले; हुडीवाल्याला बघून ते भुंकायचं थांबेना. नंतर तळमजल्यावरच्या एक काकू खिडकीत आल्या आणि हुडीवाल्याला म्हणाल्या, "काय रे, कोणाची वाट बघतोयस मगाचपासून?" तो बिचारा "काकू, कॉलेजचं प्रोजेक्ट" म्हणाला. काकूंनी त्याचं आयकार्ड मागितलं. आम्ही खांबामागे तोंड दाबून हसत होतो. आता विचार करते तर त्या रात्री आमच्यापेक्षा काकू जास्त शहाण्यासारख्या वागल्या.

तिसऱ्या टेकला ती रस्त्याच्या लांबच्या टोकापासून कॅमेऱ्याकडे चालत यायला लागली. मी कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर डोळे लावून होते. कॅमेरावाला फोकस सांभाळत होता. साऊंडवाल्याच्या कानात हेडफोन, नजर रेकॉर्डरवर. हुडीवाला लांब कोपऱ्यावर, माझ्या मिस कॉलची वाट बघत. म्हणजे पाचातले चौघं तिच्याचसाठी तिथे होतो आणि तिच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघत कोणीच नव्हतं.

एक बाईक आली, तिच्यावर दोघं. तिच्या बाजूने पुढे गेली, हळू झाली, वळून परत आली आणि तिच्या मागे चालण्याच्या वेगाने राहिली. फ्रेममध्ये हेडलाईटमुळे तिच्या केसांभोवती अशी मस्त कड उमटली की कॅमेरावाला कुजबुजला, "कट म्हणू नकोस." मी म्हटलं नाही. तिचा श्वास वाढला, चालण्याची लय मोडली, एकदा मान अर्धी वळली आणि परत सरळ झाली. मी मनात म्हटलं, काय करतेय ही, कमाल करतेय. मग ती अचानक फ्रेमबाहेर, डावीकडच्या एका गेटमध्ये पळाली. मला आधी रागच आला. तिने सरळ आमच्याकडे यायचं ठरलं होतं. उलट्या दिशेला का पळाली, हे मला तेव्हा कळलं नाही.

बाईक निघून गेली. ती गेटच्या आत वॉचमनच्या खुर्चीत बसली होती. आम्ही पोचलो तेव्हा मी तिला पहिलं वाक्य काय म्हटलं ते मला आठवतंय: "अगं, शेवटचे चार सेकंद मिळाले नाहीत."

एडिटिंगला बसलो तेव्हा बाकीचे सगळे टेक त्याच्यापुढे फिके होते. तिच्या आधीच्या टेक्समध्ये ती घाबरल्याचा अभिनय करत होती, भुवया वर, तोंड किंचित उघडं. या टेकमध्ये चेहऱ्यावर काहीच नव्हतं. खरी भीती वाटते तेव्हा आपण चेहरा कोरा करतो, मागच्याला कळू नये म्हणून. हे मला माझ्या स्वतःच्या अनुभवाने कळायला हवं होतं. मी स्क्रीनवर बघून शिकले.

ती म्हणाली, तो नको वापरूया. आम्ही चौघंही तिच्यावर ओरडलो नाही, जबरदस्ती केली नाही. आम्ही म्हटलं, "बघ, तुझा निर्णय. पण पाच जणांच्या मार्कांचा प्रश्न आहे." ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ठेवा." याला आम्ही संमती धरलं.

सरांनी स्क्रीनिंगनंतर टाळ्या वाजवल्या. "या वर्षीचा सगळ्यात नैसर्गिक अभिनय," असं म्हणाले. आम्हाला सगळ्यात जास्त मार्क मिळाले. सात प्रश्नांच्या मूल्यमापनात तंत्रज्ञानावर आम्ही दोन पानं लिहिली, त्यात शटर आणि लेन्स आणि मांजरीच्या पावलांनी जाणारा फोकस. समाजातले गट कसे दाखवलेत या प्रश्नाला चार ओळी. मी लिहिल्या. त्यांचा सारांश असा, की आमची नायिका शेवटी मागे वळून थेट कॅमेऱ्यात बघते, म्हणून ती सक्षम आहे. बाईकचा उल्लेख अख्ख्या मूल्यमापनात कुठेच नाही. कुठल्या प्रश्नाखाली तो बसत होता?

माझी तक्रार इथूनच सुरू होते. शूटच्या दिवशी नेमकं काय झालं हे सांगायला विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनात जागाच नसते. जे झालं ते आधीपासून असंच ठरलेलं होतं, असं दाखवण्यात सगळी पानं जातात. ढग आले की "आम्ही मुद्दाम उदास रंगसंगती निवडली". माईक बंद राहिला की "आम्ही शांततेचा वापर केला". हे सगळे करतात, सरांनाही माहीत असतं, आणि त्यात फारसं पाप नाही. पण हीच सवय इतकी अंगात मुरते की एका मुलीची घाबरगुंडी उडालेली असते आणि आपण तिला 'परफॉर्मन्स' म्हणून दोन मार्क मिळवतो.

मोठी माणसंही हे करतात, असं मला ग्रुपमधल्या एकाने सुनावलं. खरंच करतात. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) माळ्यावर पक्षी हल्ला करतात तो प्रसंग आठवा. नायिका टिपी हेड्रनने सांगितलंय, की तिला यांत्रिक पक्षी असतील असं सांगितलं होतं आणि सेटवर गेल्यावर कळलं की खरे आहेत. पुढचे काही दिवस ते तिच्या अंगावर फेकले गेले, शेवटी डॉक्टरांनी तिला विश्रांती घ्यायला लावली. आमच्या लेक्चरला तो सीन दाखवला गेला तेव्हा चर्चा फक्त कट्सची झाली. याउलट 'जॉज'ची (१९७५) सुरुवात घ्या, पाण्यात पोहणारी मुलगी आणि खालून काहीतरी तिला ओढतंय. ती भूमिका सुझन बॅकलिनी या प्रशिक्षित स्टंटवुमनने केली होती, तिला दोर बांधून ओढत होते. पडद्यावर दोन्हीकडे बाईच घाबरते. फरक आहे तो तिच्या हातात काय होतं याचा.

आणि मुळात बाईच का? हा प्रश्न मला स्वतःलाही पडायला दोन महिने लागले. हिचकॉकनेच फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं आणि टेबलावरच्या माणसांना नाही सांगितलं, तर पंधरा मिनिटं तो खुर्चीच्या कडेवर बसतो. म्हणजे सस्पेन्स येतो तो कोणाला काय माहीत आहे यातून. अंधार, हुडी आणि एकटी मुलगी यांची त्याला गरज नाही. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ एव्हिल'ची (१९५८) सुरुवात शब्दशः तशीच आहे: एक माणूस टायमर लावतो, बॉम्ब गाडीच्या डिकीत टाकतो, आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ एकच शॉट त्या गाडीच्या आजूबाजूने फिरतो. आपल्याकडे 'कहानी' (२०१२) कोलकात्याच्या मेट्रोच्या डब्यात सुरू होतो. 'अंधाधुन'च्या (२०१८) सुरुवातीला तर कोबीचं शेत, एक बंदूकवाला आणि एक ससा आहे. ससा!

आमच्या वर्गातल्या उरलेल्या दोन फिल्म्सपैकी एक मला अजून आठवते. तिघा मुलांनी हॉस्टेलवाल्या खोलीचा कंटाळा आला म्हणून एकाच्या मावशीच्या स्वयंपाकघरात शूट केली होती. गॅसवर कुकर. एक शिट्टी. दुसरी. तिसरी. आपण मराठी माणसं, तिसऱ्या शिट्टीनंतर आपला हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो. चौथी होते. दाराची बेल वाजते. पाचवी. दाराबाहेर शेजारच्या काकू वाटी घेऊन उभ्या, "अहो, कुकर लागलाय वाटतं!" सहावी. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू जातं. कॅमेरा स्वयंपाकघर सोडून कुठेच जात नाही, घरात काय झालंय ते दाखवतच नाही. सातव्या शिट्टीला टायटल. वर्गात कोणी रिक्षा कर म्हणून ओरडलं नाही. एक मुलगी म्हणाली, "अरे, कोणीतरी बंद करा ना तो."

त्यांना आमच्यापेक्षा बरेच कमी मार्क मिळाले. शेरा असा होता, की थ्रिलरचे संकेत पुरेसे दिसत नाहीत.

सरांवर राग काढायचा नाहीये. त्यांनी दिलेल्या प्रश्नांतला एक प्रश्न खरंतर चांगलाच होता, आम्ही त्याचं उत्तर चार ओळींत मारून नेलं आणि त्यांनी नेऊ दिलं. पण पुढच्या बॅचला ही असाइनमेंट मिळणार आहे आणि तिच्यात दोन-तीन गोष्टी बदलायला काही पैसे लागत नाहीत. मूल्यमापनाचं एक पान फिल्ममध्ये दिसणाऱ्या माणसाने लिहावं, डिरेक्टरला न दाखवता. शॉटलिस्टमध्ये लेन्स, अँगल आणि वेळ यांच्या शेजारी अजून एक रकाना असावा: या शॉटला कॅमेऱ्यात न बघणारा माणूस कोण? एक माणूस, ज्याला काहीच काम नाही, फक्त आजूबाजूला बघायचं. आमच्याकडे तो नव्हता. काकूंना विचारलं असतं तर त्या आनंदाने उभ्या राहिल्या असत्या. आणि परवानगी. त्यासाठी कॉलेजचं एक पत्र लागतं आणि कंटाळा न करता दोन फेऱ्या माराव्या लागतात. पत्र हातात असतं तर निदान कुठे, किती वाजता आणि किती जण, हे आम्हाला कागदावर मांडावं लागलं असतं.

फिल्म दाखवून प्रतिक्रिया घेण्याबद्दलही थोडं. मित्रांना विचारलं की "भारी" म्हणतात, ते सोडून द्या. मी इंटर्नशिपला लागल्यावर एकदा माझ्या धाकट्या भावाच्या मित्रांना 'मागे' दाखवली, काही न सांगता, आणि नंतर फक्त एवढंच विचारलं की काय झालं ते सांगा. दोघांना हुडीवाला तिचा भाऊ वाटला, तिला घ्यायला आलेला. आमचं इतकं जपलेलं पात्र, आणि त्यांना ते घरचंच वाटलं! पण बाईक सगळ्यांना आठवत होती. "ती बाईकवाली पोरं कोण होती? ती पण तुमचीच का?" एकाने विचारलं. मी हो म्हणाले. खोटं. त्या रात्रीनंतर पहिल्यांदा मी स्वतः तो टेक आवाज बंद करून पाहिला.

मग मैत्रिणीला फोन केला. आमचं बोलणं तुटलेलं नव्हतं, पण त्या रात्रीबद्दल आम्ही कधी बोललोच नव्हतो. मी तिला म्हटलं, मी यावर लिहितेय, तुला नको असेल तर नाही लिहिणार, आणि या वेळी मार्कांचा प्रश्न नाहीये. ती म्हणाली, आधी पाठव. फिल्म तिच्या सांगण्यावरून मी सगळीकडून काढली; कॉलेजच्या हार्ड डिस्कवर आहे, ती काढण्यासाठी अर्ज दिलाय.

लेख वाचून तिने एकच दुरुस्ती सांगितली. बाईक एक नव्हती, दोन होत्या. दुसरी आमच्या बाजूला, विजेच्या डीपीजवळ लाईट बंद करून उभी होती, तिच्या आणि आमच्या मध्ये. "म्हणून तर मी तुमच्याकडे आले नाही," ती म्हणाली. मी परत फुटेज काढून पाहिलं. लेन्स इतकी झूम केलेली होती की डीपी फ्रेममध्येच नाही.